कॅमेऱ्याखालचा जायरो: सहा महिने वापरून
शहरं वरून टिपायची म्हणजे हेलिकॉप्टरचं दार काढून, पट्टे आवळून बसायचं. कोपर चौकटीला टेकलं की थरथर थेट फोटोत! म्हणून कॅमेऱ्याखाली लावायचा, फिरत्या चाकांनी थरथर जिरवणारा हा जायरो घेतला. आतली चाकं मिनिटाला हजारो फेरे घेतात. वेग धरायला वेळ लागतो, त्यामुळे उड्डाणाआधीच चालू करायचा. परवा तिन्हीसांजेला शटर १/६० सेकंद उघडं ठेवून काढलेल्या फोटोत खिडक्यांचे गज मोजता आले. नुसत्या हाताने १/५०० सेकंदापेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवायची माझी छाती नव्हती.

पण वजन! तासाभरात मनगट बोलायला लागतं. कॅमेरा झटकन वळवला की हा बैलासारखा अडतो. बॅटरीची वायर तोकडी. पहिल्याच फेरीत निसटली, आता चिकटपट्टीने बांधतो. १९०६ साली अमेरिकी छायाचित्रकार जॉर्ज लॉरेन्सने भूकंपानंतरचं सॅन फ्रान्सिस्को पतंगांना कॅमेरा टांगून टिपलं. त्याचं मनगट तरी वाचलं.