ड्राय फ्लाय की निंफ? खान्देशातून उन्हाळ्यात ट्राउटला जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि तापीचं पाणी कोमट होतं. ट्राउट ही थंड पाण्यातली मासळी, तिला साधारण १२ ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० अंशांच्या वर तिची दमछाक सुरू होते आणि २५ च्या आसपास जगणंच अवघड होतं, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. म्हणून आपल्याकडच्या हौशी माणसाला ट्राउटसाठी हिमालय गाठावा लागतो. कुल्लूच्या नद्यांत इंग्रजांनी १९०९च्या सुमारास ही मासळी आणून सोडली, आणि आज तीर्थन नदीवर ती चांगली रुळलेली आहे. भुसावळहून रेल्वेने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने औट, पुढे बंजार. एवढं करून प्रत्यक्ष नदीवर चार-पाच दिवस मिळतात. तेव्हा किड्यांची नक्कल करून बांधलेल्या गळांपैकी डबीत पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लाय जास्त न्यायच्या की पाण्याखालून वाहणारे निंफ, हे घरीच ठरवून निघावं.

माझं मत आधीच सांगतो. मे-जूनची पहिली फेरी असेल तर निंफवर भर द्या आणि ड्राय फ्लाय संध्याकाळसाठी राखा.

कारण किड्यांच्या आयुष्यातच आहे. मेफ्लाय नावाचा किडा कित्येक महिने, कधी वर्षभरही, पाण्याखाली दगडांना चिकटून राहतो; या अवस्थेलाच निंफ म्हणतात. पंख फुटून तो बाहेर येतो तेव्हा त्याच्याकडे जेमतेम एक-दोन दिवस उरतात, आणि त्या काळात तो काही खातही नाही. कॅडिस नावाच्या दुसऱ्या किड्याच्या अळ्या वाळू आणि काटक्यांचं घर अंगाभोवती बांधून तळाशीच राहतात. म्हणजे ट्राउटच्या तोंडासमोरून वर्षभर जे वाहत असतं ते बहुतेक पाण्याखालचं. वरचं खाणं मधूनमधून येतं. तीर्थनच्या काठावरचा एखादा दगड उलटून पाहा, निंफ म्हणजे काय ते हातात दिसेल. दगड मात्र होता तसा परत ठेवा.

दुसरं कारण बर्फाचं. मे-जूनमध्ये दिवसा वर बर्फ वितळतं आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं. नदी फुगते, गढूळ होते, आणि मासे धारेतून निघून दगडांच्या आडोशाला तळाशी बसतात. अशा वेळी वरून जाणाऱ्या माशीकडे ते ढुंकून पाहत नाहीत. पितळी किंवा टंगस्टनचा मणी लावलेला निंफ त्यांच्यापर्यंत पोचतो. टंगस्टन महाग पडतं, पण पितळेपेक्षा दुपटीहून जड असल्याने जोराच्या धारेत तेच घ्यावं.

आता ड्रायच्या बाजूने. शिकायला ती सोपी आहे, असं मी ठामपणे म्हणेन. ती फक्त मुरलेल्यांसाठी असते हा समज मला पटत नाही. ड्रायमध्ये सगळं डोळ्यांपुढे घडतं. मधल्या वेगवान धारेने दोरी ओढली की माशी पाण्यावर रेघ काढत सरकते आणि मासा लगेच बिचकतो. चूक दिसते, म्हणून ती सुधारता येते: दोरीचा फुगलेला भाग उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकायचा. निंफमध्ये माशाने तोंड लावलेलं कळतच नाही. दोरीचं टोक क्षणभर थबकतं, एवढीच खूण. शिवाय निंफ दगडांत अडकून तुटतात, त्यामुळे एकेका प्रकाराचे पाच-सहा तरी जवळ हवेत. आणि शांत संध्याकाळी ट्राउटने वर येऊन माशी उचलल्याचा जो आनंद असतो, तो निंफने मिळत नाही. हेही खरं आहे आणि त्यासाठीच अनेक जण इतक्या लांब जातात.

सरावातही फरक पडतो. काठी-दोरी फेकायचा सराव कुठल्याही मोकळ्या मैदानात होतो, उन्हाळ्यात पहाटे करा, नंतर वारा सुटतो. धरणाच्या कडेला लहान चंदेरी मासे बारीक ड्राय फ्लायवर झडप घालतात. तिथे मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारून घ्या. निंफला मात्र वाहतं पाणी लागतं. पांझरा तेव्हा आटलेली असते. गिरणेत आवर्तन सुटलं तर उथळ जागी चार दिवस साधून घ्यावेत.

फेरी पुढे ढकलता येत असेल तर सगळा हिशेब बदलतो. जुलै-ऑगस्टचा पाऊस नदी लालसर करतो, पण मध्य सप्टेंबरपासून पाणी निवळतं आणि काठावर गवत माजलेलं असतं. पोळ्याच्या सुमारास आपल्या बांधावर पाय टाकला की नाकतोडे उडतात, तसेच तिथले नाकतोडे, मुंगळे, भुंगेरे वाऱ्याने पाण्यात पडतात. तेव्हा नाकतोड्याची नक्कल काठालगत टाका, आणि तिच्या गळालाच दोन फुटांवर एक निंफ बांधा. वरचा तरंगतो, खालचा बुडतो, निवड मासा करतो. नवरात्राची सुटी यासाठी उत्तम. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटचं पाणी बंद असतं.

उन्हाळी फेरीच्या डबीत मी फेझंट टेल आणि हेअर्स इअर हे निंफ १४ आणि १६ नंबरचे ठेवेन. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात असू द्या. ड्रायमध्ये अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, त्याच मापात, आणि काळ्या मुंगीच्या दोन-चार नकला. काठी ९ फुटी, ५ वजनाची (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हे), दोरी तरंगणारी. मत्स्य विभागाचा परवाना पाण्यात उतरण्याआधी काढा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा ओल्या हातानेच धरा आणि लगेच सोडा. खिशात छोटा थर्मामीटर असू द्या. खालच्या टप्प्यात दुपारी पाणी २० अंशांवर गेलं, तर सोडलेला मासाही वाचेलच असं नाही. अशा वेळी दोरी गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या.