स्लिपला कार्डाची झेरॉक्स जोडू देऊ नका, माझे ६७,७७२ रुपये गेले

दुकानदार कार्डाची झेरॉक्स मागत असेल, "स्लिपला जोडायची आहे" असं म्हणत असेल, तर कार्ड हातातून सोडू नका. यूपीआय करा, रोख द्या, नाहीतर खरेदी सोडून द्या. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून घरातल्यांना सांगा, विशेषतः आईवडिलांना.

माझं जुनं क्रेडिट कार्ड खराब झालं होतं, म्हणून बँकेने नवीन नंबरचं कार्ड पाठवलं. ते मी कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकलं नव्हतं, कुठल्या साइटवर वापरलं नव्हतं, कोणाला फोनवर नंबर सांगितला नव्हता. ते एकदाच वापरलं, एका छोट्या दुकानात वॉशिंग मशीन घेताना, ४१,५०० रुपयांना. त्यामुळे कार्डाची माहिती कुठून गेली याबद्दल मला तरी शंका नाही.

व्यवहार अगदी रीतसर झाला. मशीन माझ्यासमोर होतं, पिन मी स्वतः हात आडवा धरून टाकला. स्लिपच्या दोन प्रती निघाल्या, एक माझी आणि एक दुकानाची. स्लिपवर बारा फुल्या आणि शेवटचे चार आकडे. मी ते मुद्दाम बघितलं, कारण पूर्ण नंबर छापलेली स्लिप दुकानात राहू द्यायची नाही हे मला माहीत होतं.

मग काउंटरवरच्या मुलाने माझं कार्ड परत देण्याऐवजी शेजारच्या झेरॉक्स मशीनवर ठेवलं. झाकण लावलं, बटण दाबलं. झाकण उघडलं, कार्ड उलटं केलं आणि पुन्हा बटण दाबलं. ते कार्ड उलटं करणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. पुढच्या बाजूला सोळा आकडे, नाव, मुदत. मागच्या बाजूला सीव्हीव्ही, म्हणजे ऑनलाइन खरेदीला लागणारा तीन आकडी कोड. बारा फुल्या मारून मशीनने जे झाकलं होतं, ते सगळं त्या एका कागदावर उघडं पडलं आणि तो कागद त्याच स्लिपला टाचला गेला.

मी गप्प बसले नव्हते. "दादा, कार्डाची झेरॉक्स कशाला?" असं विचारलं. मालकांनीच उत्तर दिलं, "ताई, फॉर्मॅलिटी आहे. मोठं बिल आहे ना, उद्या बँकेने विचारलं तर दाखवायला लागतं. स्लिपची शाई उडून जाते." शाई उडते हे खरंच आहे, थर्मल कागदाची उडतेच. सिमकार्डापासून भाडेकरारापर्यंत आयुष्यभर आपण झेरॉक्सच देत आलो आहोत. समोर गल्ल्यावर बसलेला मालक, डोक्यावर कॅमेरा, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली, टेम्पोवाला पत्ता विचारतोय. अशा वेळी कोण माणूस झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून कागद हिसकावून घेईल? मला "तुला कळलं कसं नाही" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते.

पण आता नियम सांगते, कारण तेव्हा कोणी सांगितला नाही. पेमेंट कार्डांसाठी जगभर पीसीआय डीएसएस नावाचे सुरक्षेचे निकष आहेत. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवून ठेवायला त्यात सरळ मनाई आहे, मग तो कॉम्प्युटरमध्ये असो की कागदावर. बँकेने एखाद्या व्यवहाराबद्दल विचारलं तर दुकानदाराकडे स्लिप असते. तिच्यावर रक्कम, तारीख, टर्मिनलचा नंबर, मंजुरीचा कोड आणि शेवटचे चार आकडे असतात. पिन टाकून झालेल्या व्यवहाराला तेवढं पुरतं. शाई उडते म्हणून काळजी असेल तर स्लिपची झेरॉक्स काढा. कार्डाची कशासाठी?

काही आठवड्यांनी रात्री झोपेत असताना मेसेज आले. २४,३१८.४० रुपये. ३१,९०५.७५ रुपये. ८,८६०.२० रुपये. तिन्ही परदेशी साइटवर, एकामागून एक. मिस्टरांना फोनच्या आवाजाने जाग आली म्हणून तरी कळलं. मी लगेच अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक केलं, कस्टमर केअरला फोन लावला, तक्रार नंबर घेतला. चौथा व्यवहार अडला तो त्यामुळेच.

ओटीपी आला नाही. हे मोठ्या अक्षरांत वाचा, कारण बँकेपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाचा पहिला प्रश्न "ओटीपी कोणाला दिलात?" हाच होता. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी हवी हा नियम रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आणला, पण तो देशातल्या व्यवहारांसाठी. माझ्याकडून पैसे घेणाऱ्या त्या परदेशी साइटना नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढंच पुरलं. म्हणजे त्या झेरॉक्सवर होतं तेवढंच.

स्टेटमेंट आलं तेव्हा रक्कम ६५,०८४.३५ नव्हती. चोरी परकीय चलनात झाली म्हणून त्यावर बँकेचा मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, २,२७७.९५ आणि त्या मार्कअपवर जीएसटी ४१०.०३. एकूण ६७,७७२.३३. माझ्या कार्डावर चोरी झाली आणि बँकेने त्या चोरीवर स्वतःचं शुल्क लावलं. मी वादातली रक्कम भरली नाही, तर उशिराचं शुल्क १,१०० आणि त्यावर १९८ जीएसटी. शिवाय व्याज वेगळं.

कस्टमर केअरच्या बाईंनी सांगितलं, "मॅम, ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे." अहो, सक्सेसफुल आहे म्हणूनच तर फोन केला! दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. डिस्प्यूट फॉर्म भरला, सही जुळत नाही म्हणून परत आला, पुन्हा भरला. शाखेत गेले तर "कार्डाचा विभाग वेगळा आहे, आमच्या हातात काही नाही." शेवटी मेल आला: ग्राहकाने कार्डाची माहिती स्वतः दुसऱ्याला दिली, त्यामुळे जबाबदारी ग्राहकाची. दुकानातल्या झेरॉक्सचं मीच फोनवर सरळपणे सांगितलं होतं, तेच माझ्यावर उलटवलं. म्हणून सांगते, तक्रारीत शब्द जपून लिहा. "मी झेरॉक्स दिली" असं लिहू नका. "दुकानाने कार्डाची प्रत काढून स्वतःकडे ठेवली" असं लिहा. खरं तेच आहे.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी नंतर ओळ न ओळ वाचलं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणाहून माहिती फुटली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती परत जमा करायची. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. मी त्याच रात्री कळवलं होतं, तरी यातलं काहीही मला कोणी आपणहून सांगितलं नाही. परिपत्रकाची प्रत मेलला जोडली तेव्हा उत्तर आलं, "आपली तक्रार बंद करण्यात आली आहे."

दुकानात गेले. काउंटरच्या खाली, गिऱ्हाइकांच्या पिशव्या ठेवतात तिथेच, एक बॉक्स फाइल होती. मालक फोनवर असताना मी ती उघडली. स्लिप आणि मागे टाचलेली झेरॉक्स, अशा जोड्या. जुन्या स्लिपा पार पांढऱ्या पडलेल्या, एक अक्षर दिसत नव्हतं. त्यांच्या मागच्या झेरॉक्स मात्र काळ्याकुळकुळीत. लोकांचे पूर्ण नंबर, नावं, मुदती, मागचे तीन आकडे. एकीवर पेनाने मोबाइल नंबरही लिहिलेला. माझी स्लिप सापडली. मागचा कागद नव्हता, टाचणीखाली त्याचा फाटका कोपरा तेवढा उरला होता. त्याचा फोटो मी काढला. तेवढ्यात मालकांनी फाइल ओढून घेतली. "ताई, आमच्यावर आरोप करताय का? तो पोरगा कधीच काम सोडून गेला." त्या मुलानेच केलं असं मी म्हणत नाही, फाइलपर्यंत कोणाचाही हात पोहोचत होता. जबाबदार मी मालकांनाच धरते, कारण फाइल त्यांची होती. स्वाइप मशीन देणाऱ्या कंपनीला फोन केला, तर तिथे फक्त दुकानदारांच्या तक्रारी घेतात म्हणे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही टाकली. पोच घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथून सायबरला पाठवलं, सायबरने पुन्हा ठाण्यात. ड्युटीवरचे साहेब फोटो बघून म्हणाले, "बाई, या कोपऱ्यावरून काय सिद्ध होतं?" सिद्ध करणं माझं काम आहे का? माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ सी आहे, दुसऱ्याची ओळख चोरून वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद. मी फक्त एवढंच म्हणत होते की दुकानाचं फुटेज पुसलं जायच्या आत मागवा. अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि नंतर कळलं की फुटेज आपोआप पुसलं गेलं. त्या फाइलमधल्या बाकीच्या लोकांना निदान कळवा म्हटलं, तर "त्यांची तक्रार आलीय का?" त्यांना माहीतच नाही तर तक्रार कुठून येणार?

आतापर्यंत ८,८६०.२० परत आले, तेही त्या साइटनेच व्यवहार रद्द केला म्हणून. त्यावरचा मार्कअप बँकेने ठेवून घेतलाय. बाकीसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर तिथे जाता येतं, शुल्क नाही, वकील लागत नाही. बँकेचे सगळे मेल जपून ठेवा.

तुम्ही कधी कुठल्या दुकानात, हॉटेलात, एजंटकडे कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स दिली असेल, किंवा कोणी मोबाइलवर फोटो काढून घेतला असेल, तर ते कार्ड आजच बदलून नवीन नंबर घ्या. बदलायचं शुल्क लागलं तर भरा. सीव्हीव्ही पाठ करा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. आणि नवीन कार्ड आलं की आधी अ‍ॅप उघडून परदेशी व्यवहारांची सेटिंग बघा. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असायला हवं, बाकी सगळं ग्राहकाने सांगितल्यावरच. माझ्या नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार चालूच होते. मी ते सुरू केले नव्हते. लोकपालाकडे दिलेल्या तक्रारीत हा मुद्दा मी पहिला घातलाय.