बेसबॉलचा फलंदाज कोणत्या आकड्याने तोलायचा: ॲव्हरेज, ओपीएस, वोबा की डब्ल्यूआरसी प्लस?

अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, म्हणजे मेजर लीगच्या, २००४ च्या हंगामातले दोन फलंदाज शेजारी शेजारी ठेवू. सिॲटल मरिनर्सच्या इचिरो सुझुकीने त्या वर्षी २६२ हिट (चेंडू मारून सुरक्षितपणे बेस, म्हणजे धावेचा टप्पा, गाठणं) मारले आणि जॉर्ज सिस्लरचा १९२० पासून टिकलेला २५७ हिटचा विक्रम मोडला. सिनसिनाटी रेड्सच्या ॲडम डनने त्याच वर्षी १९५ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होऊन तोवरचा नकोसा विक्रम स्वतःच्या नावावर केला.

| | इचिरो | डन |
|---|---|---|
| प्लेटवरच्या (फलंदाजीच्या) खेपा | ७६२ | ६८१ |
| ॲट-बॅट | ७०४ | ५६८ |
| सिंगल (एका बेसचा हिट) | २२५ | ७१ |
| डबल / ट्रिपल (दोन / तीन बेसचा हिट) | २४ / ५ | ३४ / ० |
| होमरन (चारही बेसचा हिट) | ८ | ४६ |
| वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकटचा बेस) | ४९ | १०८ |
| ॲव्हरेज | ०.३७२ | ०.२६६ |
| ओबीपी (बेसवर पोचण्याचं प्रमाण) | ०.४१४ | ०.३८८ |
| स्लगिंग | ०.४५५ | ०.५६९ |
| ओपीएस (ओबीपी अधिक स्लगिंग) | ०.८६९ | ०.९५६ |

(डनची बेरीज ०.९५७ दिसते, पण पूर्णांकन करण्याआधीचे आकडे मिळवले की ०.९५६ येते. हाताने हिशेब करताना असा एका अंकाचा फरक दिसला तर गोंधळू नका.)

ॲव्हरेज बघितलं तर इचिरोच्या आसपासही डन नाही. ओपीएस बघितलं तर डन पुढे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रश्न वेगळे आहेत.

ॲव्हरेज

क्रिकेटची सरासरी आधी डोक्यातून काढा. तिथे धावा भागिले बाद, इथे हिट भागिले ॲट-बॅट. वॉक, अंगावर बसलेला चेंडू, सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन सहकाऱ्याची धाव मिळवणारा उंच फटका) आणि सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढे सरकवणारा हलका टोला) या खेपा ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. त्यामुळे डनच्या ६८१ खेपांपैकी ११३ ॲव्हरेजच्या खिजगणतीतच नाहीत, आणि त्या सगळ्यांत तो बेसवर पोचला होता. शिवाय सिंगल आणि होमरन दोन्हींची किंमत एकच. क्षेत्ररक्षकाची चूक होती की हिट होता, हेही स्कोअररच्या नजरेवर.

ॲव्हरेजमध्ये नशिबाचा वाटा किती, हे बीएबीआयपीवरून दिसतं. होमरन सोडून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले, त्याचं हे प्रमाण. हिटमधून होमरन वजा करा आणि त्याला ॲट-बॅट वजा स्ट्राइकआउट वजा होमरन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय याने भागा. लीगचं प्रमाण साधारण ०.३०० असतं. इचिरोचं त्या वर्षी २५४ भागिले ६३६, म्हणजे ०.३९९. त्याच्या पायातला वेग धरूनही हे टिकणारं नव्हतं. २००५ मध्ये त्याचं ॲव्हरेज ०.३०३ वर आलं.

आरबीआयबद्दल (फलंदाजाच्या खेळीमुळे झालेल्या धावा) थोडक्यात: त्याच्या आधीचे फलंदाज बेसवर असले तरच तो भरभर वाढतो. फलंदाज तोलायला तो घेऊच नका.

ओबीपी, स्लगिंग आणि त्यांची बेरीज

ओबीपी म्हणजे हिट, वॉक आणि अंगावर बसलेला चेंडू यांची बेरीज, भागिले ॲट-बॅट, वॉक, अंगावर बसलेला चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांची बेरीज. हमखास चूक होते ती छेदात: फ्लाय धरायचा, बंट नाही. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे किंवा फील्डर्स चॉइसवर (क्षेत्ररक्षकाने दुसऱ्याच धावपटूला बाद करायचं ठरवल्यामुळे) बेस मिळाला, तर अंशात काहीच मिळवायचं नाही.

स्लगिंग म्हणजे एकूण बेस भागिले ॲट-बॅट. त्यात होमरनला चार आणि सिंगलला एक गुण, पण धावांच्या हिशेबात हे गुणोत्तर खरं नाही. सरासरी सिंगल सुमारे ०.४७ धावांचा, होमरन सुमारे १.४ धावांचा, म्हणजे चौपट नव्हे, तिप्पट. वॉक साधारण ०.३ धावांचा, आणि स्लगिंगमध्ये तो नाहीच.

ओपीएस ही या दोघांची सरळ बेरीज. छेद वेगवेगळे असलेले दोन अपूर्णांक एकत्र करणं गणिताच्या मास्तरांना रुचणार नाही, तरी धावांशी त्याचा मेळ चांगला बसतो. खोट एकच आणि मोठी: ओबीपीचा एक अंक स्लगिंगच्या एका अंकाच्या सुमारे १.८ पट मोलाचा असतो, ओपीएस मात्र दोघांना समान धरतं. ओबीपी ०.४०० आणि स्लगिंग ०.४०० असलेला फलंदाज, आणि ०.३२० व ०.४८० असलेला, दोघांचं ओपीएस ०.८००. संघाला जास्त धावा पहिला देतो. म्हणून ओपीएसवर निकाल लावताना दोघे बरोबरीत दिसले, तर जास्त ओबीपीवाला निवडा.

वोबा

वोबा म्हणजे वजन दिलेलं ओबीपी: इथे प्रत्येक घटनेला तिच्या धावमूल्याच्या प्रमाणात वजन मिळतं. वजनं दर वर्षी थोडी बदलतात. अंदाजाने वॉक ०.६९, अंगावर बसलेला चेंडू ०.७२, सिंगल ०.८८, डबल १.२५, ट्रिपल १.५८, होमरन २.०३. काटेकोर सूत्रात मुद्दाम दिलेले वॉक वगळतात. इथे सोयीसाठी सगळे वॉक धरू.

इचिरो: सिंगलचे १९८, डबलचे ३०, ट्रिपलचे ७.९, होमरनचे १६.२४, वॉकचे ३३.८१, अंगावर बसलेल्या ४ चेंडूंचे २.८८. बेरीज २८८.८३, भागिले ७६०, म्हणजे ०.३८०. छेद ७६२ नाही, कारण दोन बंट बाहेर.

डन: ६२.४८, ४२.५, शून्य, ९३.३८, ७४.५२ आणि ५ चेंडूंचे ३.६. बेरीज २७६.४८, भागिले ६८१, म्हणजे ०.४०६.

वोबाची पट्टी मुद्दाम ओबीपीसारखी ठेवलेली असते, त्यामुळे ०.३२० च्या आसपास म्हणजे साधारण, ०.३७० च्या वर म्हणजे उत्तम. दोघांतला ०.०२६ चा फरक सुमारे १.२ ने भागून खेपांनी गुणला, की ६८० खेपांत अंदाजे १५ धावा निघतात. ॲव्हरेजमधल्या १०६ अंकांच्या दरीतून हे कधीच दिसलं नसतं.

मैदानाचा आणि काळाचा हिशेब

२००० साली कोलोरॅडोच्या टॉड हेल्टनचं ओपीएस १.१६२ होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बाँड्सचं १.१२७. ओपीएस प्लस (मैदान आणि लीग यांचा हिशेब धरून सुधारलेलं ओपीएस) मात्र हेल्टनचं १६३ आणि बाँड्सचं १८८. कारण डेन्व्हरचं कुअर्स फील्ड समुद्रसपाटीपासून जवळपास एक मैल उंचावर आहे. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि पिचरचा कर्व्ह नीट वळत नाही. आउटफील्डही ऐसपैस, म्हणून होमरनखेरीज साधे हिटही वाढतात.

ओपीएस प्लस आणि डब्ल्यूआरसी प्लस दोन्हींत १०० म्हणजे त्या वर्षीचा सरासरी फलंदाज. डब्ल्यूआरसी प्लसचा पाया वोबा आहे, आणि त्यात १६० म्हणजे प्रत्येक खेपेमागे सरासरीपेक्षा ६० टक्के जास्त धावा. ओपीएस प्लसचा असा थेट अर्थ लागत नाही. ते ओबीपी आणि स्लगिंग यांना लीगच्या आकड्यांनी वेगवेगळं भागून, बेरीज करून, एक वजा करून काढतात. खेळाडूचं ओपीएस लीगच्या ओपीएसने भागून भलताच आकडा काढणारे पुष्कळ भेटतात. दुसरी चूक म्हणजे मैदानाचा गुणक (तिथे धावा इतर ठिकाणांच्या किती पट होतात तो आकडा) पूर्ण लावणं. निम्मे सामने बाहेर होतात, तेव्हा परिणामही निम्माच धरायचा, आणि गुणक एका वर्षाचा नको, काही वर्षांच्या सरासरीचा हवा.

दोन संघांतले किंवा दोन काळांतले फलंदाज तोलायचे असतील, तर आमची पसंती डब्ल्यूआरसी प्लसला. टीव्हीवर सामना पाहताना ओपीएस पुरतं.

वॉर केव्हा

वॉर म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा एखाद्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, त्याचा अंदाज. त्यात फलंदाजीखेरीज बेसवरची धाव, क्षेत्ररक्षण आणि तो मैदानात ज्या जागी खेळतो ती किती अवघड, हेही मोजतात. वरच्या जोडीत वॉर पुन्हा पारडं फिरवतं: राइट फील्डमधला आणि ३६ बेस चोरणारा (फटका नसतानाच धावून पुढचा बेस गाठणारा) इचिरो बराच पुढे जातो. २०१२ मध्ये मिगेल कॅब्रेराने १९६७ नंतरचा पहिला ट्रिपल क्राउन (ॲव्हरेज, होमरन आणि आरबीआय तिन्हींत लीगमध्ये पहिला) मिळवला आणि अमेरिकन लीगचा एमव्हीपीही (सर्वांत मोलाचा खेळाडू) तोच ठरला. माइक ट्राउटचं ओपीएस प्लस मात्र किंचित वर होतं, आणि ४९ चोरलेले बेस व सेंटर फील्डचं काम धरल्यावर वॉरमध्ये अंतर आणखी वाढलं. तरी नुसता फलंदाज तोलायला वॉर हे चुकीचं हत्यार. क्षेत्ररक्षण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, म्हणून दोन संकेतस्थळांचे आकडेही वेगळे. एकाहून कमी फरक असेल तर दोघांना सारखंच समजा.

वहीत स्कोअर लिहिणाऱ्या प्रशिक्षकासाठी

महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांच्या संघाकडे लीगची सरासरी नसते, मैदानाचा गुणकही नसतो. तिथे मेजर लीगची वजनं आंधळेपणाने लावू नका. चुका जास्त होतात आणि बेस चोरणं सोपं असतं, त्यामुळे पहिल्या बेसवर पोचण्याची किंमत वाढते. १.८ गुणिले ओबीपी अधिक स्लगिंग, भागिले ४ हे सूत्र मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर होतं आणि ॲव्हरेजसारखं वाचता येतं: इचिरो ०.३००, डन ०.३१७. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे मिळालेल्या बेसचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर स्कोअरर बदलला की फलंदाजही बदललेला दिसेल.

आणि घाई नको. खरोखर ०.३०० चा फलंदाज १०० ॲट-बॅटमध्ये निव्वळ योगायोगाने ०.२५४ ते ०.३४६ मध्ये कुठेही असू शकतो, आणि दर तीन वेळांपैकी एकदा त्याही बाहेर. ४० ॲट-बॅटनंतर ही पट्टी ०.२२८ ते ०.३७२ इतकी रुंद असते. एवढ्या खेपांत स्ट्राइकआउट आणि वॉकचं प्रमाण बघा. ते लवकर स्थिरावतं. ॲव्हरेजवरून बॅटिंग ऑर्डर बदलायची असेल, तर वहीची आणखी बरीच पानं भरू द्या.