लोप, सब्स्टिट्यूशन की निश्चयक? दहावीच्या मुलानं कुठली रीत धरावी

गोव्यात, पेडण्यात शिकवणी घेताना हा प्रश्न दरवर्षी येतो: दोन चलांची दोन समीकरणं एकत्र सोडवायला कुठली रीत धरावी? सावंतवाडीच्या मावसभावाच्या बालभारतीच्या पुस्तकात निश्चयक असतात, आपल्या मुलाच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात नसतात. मग आई विचारते, "टीचर, तीच रीत सोपी म्हणतात, ह्यालाही शिकवा ना." माझं मत आधीच सांगते: लोप पद्धत, म्हणजे मुलांच्या तोंडचं एलिमिनेशन, आधी पक्की करा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं गणित घेऊ. ३ नारळ आणि सोलांची (आमसुलांची) २ पाकिटं मिळून ३०० रुपये. ४ नारळ आणि ३ पाकिटं मिळून ४३० रुपये. नारळ क्ष, पाकीट य.

३क्ष + २य = ३००
४क्ष + ३य = ४३०

लोप करायचा तर पहिल्याला ३ नं, दुसऱ्याला २ नं गुणा. ९क्ष + ६य = ९०० आणि ८क्ष + ६य = ८६०. वजा केलं की क्ष = ४०, आणि मग य = ९०. अपूर्णांक कुठेच आला नाही.

सब्स्टिट्यूशननं, म्हणजे एका समीकरणातून एका चलाची किंमत काढून ती दुसऱ्यात घालायची रीत, य = (३०० − ३क्ष)/२ हे दुसऱ्यात घालावं लागतं. छेदातला २ घालवताना मुलं डावी बाजू गुणतात आणि उजवीकडचे ४३० तसेच ठेवतात. मग ८क्ष + ९०० − ९क्ष = ४३०, आणि नारळ ४७० रुपयांना! ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की पान उघडताच नजर तिथेच जाते.

लोप पद्धतीतही एक खड्डा आहे, वजाबाकीचा. −३य मधून ५य वजा करताना −८य यायला हवं, मुलं २य लिहितात. खालच्या ओळीच्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलून त्याच पदाखाली लिहायची सवय लावा, मग बेरीजच उरते.

तरी सब्स्टिट्यूशन टाकून देऊ नका. "वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट" असं आलं, किंवा कुठल्याही चलाचा सहगुणक १ वा −१ असला, तर तीच रीत झटपट. पुढे रेषा आणि वर्तुळ कुठे छेदतात ते काढतानाही तीच लागते.

आता निश्चयक, म्हणजे क्रेमरची रीत. चलांआधीच्या आकड्यांचे तिरपे गुणाकार करून वजाबाकी केली की निश्चयक मिळतो; क्ष साठीच्या निश्चयकाला मुख्य निश्चयकानं भागलं की क्ष. वरच्या गणितात मुख्य निश्चयक ३×३ − ४×२ = १, आणि क्ष साठीचा ३००×३ − ४३०×२, म्हणजे ९०० − ८६० = ४०. आकडे ओळखीचे वाटले ना? लोप करताना आलेलेच ते. दोन चलांत काम तेवढंच, फक्त सूत्र पाठ करावं लागतं.

फरक कळतो तीन चलांत. क्रेमरला तीन ओळी, तीन स्तंभांचे चार निश्चयक काढावे लागतात: विस्तार करून ३६ गुणाकार, वर ३ भागाकार. पायरीपायरीनं लोप केला तर गुणाकार-भागाकार मिळून १७. संगणकही समीकरणांच्या मोठ्या संचांसाठी बऱ्याचदा जर्मन गणिती गाउसच्या नावानं ओळखली जाणारी लोप पद्धत वापरतात, आणि चीनच्या 'नऊ अध्याय' या प्राचीन ग्रंथात ती गाउसच्या कितीतरी आधी आहे.

मुख्य निश्चयक शून्य आला की त्यानं भागता येत नाही आणि क्रेमरचं सूत्र थांबतं. लोप करत गेलात तर शेवटी ० = ० उरतं, म्हणजे उत्तरं अनंत, किंवा ० = ५ सारखं काही, म्हणजे उत्तरच नाही. मुलांना ही ओळ दिसली की ती घाबरून खोडतात. खोडू देऊ नका, ते उत्तरच आहे.