जिन्यातला दिवा आणि ‘फेट’: दांडिया बाजारातल्या एका शिकवणीचा अभिप्राय

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना अरुंद आणि भरदिवसाही काळोखा आहे. त्यातला दिवा खालच्या बटणाने लावून वरच्या बटणाने विझवता येतो. संध्याकाळी माझ्याकडे आठवी ते दहावीची सात मुले विज्ञानाच्या शिकवणीला येतात ती याच जिन्याने. तरी एक दिवा दोन बटणांवर चालतो कसा, हे मी विचारीपर्यंत त्यात विचारण्यासारखे काही आहे असे एकालाही वाटले नव्हते. गेले वर्षभर मी या मुलांबरोबर ‘फेट’ (PhET) या मोफत संचातले विद्युत परिपथ (सर्किट) जोडण्याचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचा प्रयोग, वापरीत आहे. हा अभिप्राय त्याच्याविषयी असून, मुलांना प्रश्न सोडवायला शिकवण्याच्या कामी ते कितपत उपयोगी पडते, एवढेच मी त्यात पाहिले आहे.

‘फेट’ची सुरुवात 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे झाली. त्याच्या आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले कार्ल वीमन हे त्याचे संस्थापक. आता त्यात रसायन, गणित आणि जीवशास्त्राचीही सिम्युलेशने आहेत. ती ब्राउझरमध्ये चालतात, उतरवून घेतली तर इंटरनेट नसतानाही चालतात, आणि त्यांतली काही मराठीत व गुजरातीतही मिळतात. आमच्याकडे मात्र भाषेचा एक वेगळाच गुंता आहे. घरी मराठी बोलणारी ही मुले शाळेत ‘अवरोध’ आणि ‘वीजप्रवाह’ हे शब्द गुजरातीतून शिकतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांतले ‘रोध’ (म्हणजे अवरोधच) आणि ‘विभवांतर’ (व्होल्टेज) त्यांच्या कानांवरून कधी गेलेलेच नसतात. शेवटी आम्ही पडदा इंग्रजीत ठेवला आणि बोलणे मराठीत.

पडद्यावर एका बाजूला सामानाची पेटी असते. तिच्यात तारा, बॅटरी, दिवे, रोधक (प्रवाहाला अडवणारा भाग), बटण, फ्यूज आणि त्यांच्या जोडीला पेन्सिल, नाणे, खोडरबर असल्या वस्तू असतात. हवे ते ओढून आणावे, टोकाला टोक जोडावे, परिपथ पूर्ण झाला की दिवा पेटतो आणि तारांतून निळे ठिपके सरकू लागतात. हे ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉन असल्यामुळे ते पुस्तकातल्या बाणाच्या उलट दिशेने जातात आणि पहिल्या दिवशी हमखास भांडण होते. पारंपरिक प्रवाहाचे, म्हणजे पुस्तकातल्यासारखे, बाण दाखवण्याची सोय तिथेच आहे, पण मी ती दोन दिवस मुद्दाम दाखवीत नाही. बॅटरीच्या दोन टोकांना सरळ तार जोडली तर बॅटरीतून ज्वाळा निघतात. आठवीतल्या एका मुलाने पहिला पाऊण तास केवळ बॅटऱ्या पेटवण्यात घालवला. मी त्याला थांबवले नाही. पाऊण तासाने त्याने आपण होऊन त्याच तारेत एक रोधक घातला आणि आग विझली, तेव्हा ‘शॉर्ट सर्किट’ या शब्दाची व्याख्या मला फळ्यावर लिहावी लागली नाही.

याआधी एका पालकांच्या आग्रहावरून आम्ही पैसे भरून घ्यायचे एक नावाजलेले शिकवणीचे ॲप वर्षभर वापरले होते. त्यात प्रश्न भरपूर होते, चित्रे सुरेख होती, बरोबर उत्तराला तारे मिळत. उत्तर चुकले की सूचना येई, पुन्हा चुकले की मोठी सूचना, आणि तिसऱ्या वेळी सबंध उत्तरच समोर उलगडे. मुलांनी हे चार दिवसांत ओळखले. प्रश्न न वाचता तीनदा काहीतरी दाबायचे, उत्तर पाहायचे आणि पुढच्या, थोड्या बदललेल्या प्रश्नात ते बसवून तारा मिळवायचा, असा त्यांचा क्रम ठरून गेला. मुले आळशी होती असे मला वाटत नाही, कारण त्या ॲपने त्यांच्यापुढे टाकलेला खरा प्रश्न ‘कमीत कमी कष्टांत तारे कसे मिळतील’ हाच होता आणि तो त्यांनी फार हुशारीने सोडवला. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने 1945 मध्ये प्रश्न सोडवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून तपासणे. त्या ॲपमध्ये तिसऱ्या पायरीलाच गुण होते आणि उरलेल्या तिन्ही ॲप स्वतःच चढून जात असे. (मुदत संपल्यावर पुढच्या वर्षाचे पैसे न विचारता त्या पालकांच्या खात्यातून वळते झाले, तो मनस्ताप वेगळा.)

‘फेट’च्या या सिम्युलेशनमध्ये बरोबर-चूक सांगणारे कोणी नाही. दिवा पेटतो किंवा पेटत नाही. मी पहिला प्रश्न दिला तो असा: एका बॅटरीवर दोन दिवे असे लावा की एक काढला तरी दुसरा चालू राहील. बहुतेकांनी आधी दोन्ही दिवे एका रांगेत लावले आणि प्रकाश मंदावलेला पाहून ‘पहिल्या दिव्याने करंट खाल्ला, दुसऱ्याला उरलाच नाही’ असे निदान केले. हा गैरसमज फार चिवट असतो. मग प्रवाह मोजणारा ॲमीटर आणला आणि पहिल्या दिव्याच्या अलीकडे, पलीकडे आणि दुसऱ्याच्याही पुढे लावून पाहिला. तिन्ही ठिकाणी आकडा 0.45 अँपिअर. एकच दिवा असताना तो 0.9 होता, कारण बॅटरी 9 व्होल्टची आणि दिवा 10 ओहमचा. प्रवाह निम्मा झाला, मग प्रकाश निम्म्याहून इतका कमी का, हे त्यांनीच विचारले, आणि शक्ती प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती चौथाईवर येते, इथपर्यंत आम्ही त्याच संध्याकाळी पोचलो. दहावीच्या पुस्तकात हे सूत्र आहेच, पण गरज पडण्याच्या आधीच ते येते.

त्यानंतर जिन्याचा दिवा. इथे या संचातली एक उणीव आडवी आली: पेटीतले बटण फक्त चालू-बंद होणारे साधे बटण आहे, आणि जिन्यासाठी लागणारे टू-वे स्विच, म्हणजे प्रवाह या तारेतून किंवा त्या तारेतून वळवणारे बटण, तिच्यात नाही. मी हा प्रश्न सोडूनच देणार होते. नववीतल्या एका मुलीने दोन दिवस डोके खाजवल्यावर खाली दोन साधी बटणे आणि वर दोन अशी चार बटणे लावली, मधून दोन समांतर तारा नेल्या आणि नियम घातला, “काकू, खालचं एक लावलं की दुसरं बंद करायचंच, वरतीही तसंच.” दिवा कुठूनही लागला, कुठूनही विझला. मग तिच्या शेजारच्या मुलाने तिचा नियम मुद्दाम मोडून खालची दोन्ही बटणे चालू ठेवली, तेव्हा वरून काही केले तरी दिवा विझेना; म्हणजे खरे टू-वे स्विच हे तिचा नियम मोडू न देणारे यंत्र आहे, हे आम्हा सगळ्यांना एकदमच कळले. मलाही ते इतके स्वच्छ पूर्वी कळले नव्हते. एरवी मी ज्याला दोष म्हटले असते त्याच्यामुळेच हा प्रश्न खरा झाला.

बाकीचे दोष मात्र दोषच आहेत. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बोटाने तारांची टोके जुळवणे जिकिरीचे होते; टॅब्लेट किंवा कॉम्प्युटर हवाच. केलेले काम साठवता येत नाही, त्यामुळे खिडकी चुकून बंद झाली की अर्ध्या तासाची जोडणी गेली. आम्ही आता प्रत्येक परिपथ वहीत काढून ठेवतो. इथला साधा दिवा कितीही वेळ पेटला तरी 10 ओहमचाच राहतो, पण खऱ्या दिव्याची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि सूत्रातून काढलेले उत्तर जुळेनासे होते. सर्वांत मोठी उणीव अशी की इथे जोड कधी सैल होत नाही, तार आतून तुटत नाही, सेल संपत आलेला नसतो. रावपुऱ्यातून सेल, तारा आणि टॉर्चचे दिवे (तेही एलईडीमुळे आता शोधावे लागतात) आणून तीच जोडणी टेबलावर केली, तेव्हा पडद्यावरच्या तरबेज मुलांना दिवा का लागत नाही हे शोधायला चाळीस मिनिटे लागली. चिकटपट्टीखाली तार सुटलेली होती. सयाजीरावांनी 1890 मध्ये उघडलेले कलाभवन आमच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. हाताने वस्तू घडवण्याला तिथे शिक्षणात जे स्थान होते, ते पडद्याला देऊन टाकावे असे मला वाटत नाही.

शिक्षकांनी हे जरूर वापरावे. पैसे लागत नाहीत. पालकांनी मात्र मुलाला लिंक देऊन उठून जाऊ नये, कारण यात प्रश्न नाहीत, फक्त सामान आहे, आणि कोणी नेमका प्रश्न शेजारी ठेवला नाही तर दहा मिनिटांत सगळ्या बॅटऱ्या पेटवून मूल कंटाळते. आठवड्याला एक प्रश्न पुरतो. त्याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नसले तर अधिक चांगले.

सध्या तिसऱ्या मजल्याचा प्रश्न चालू आहे: तीन बटणे, एकच दिवा, कोणत्याही मजल्यावरून लागला-विझला पाहिजे. मधल्या मजल्यावर दोन तारांची अदलाबदल करावी लागते, इथवर मुले आली आहेत. साध्या बटणांनी ती करायला किती बटणे लागतील यावर सोमवारी वाद झाला. दोघे म्हणतात चार, एक म्हणतो सहा, आणि चार बटणांवाल्या त्या नववीतल्या मुलीने वहीच्या पानावर एक फुली काढून सांगितले आहे की गुरुवारपर्यंत कोणी कॉम्प्युटर लावायचा नाही.