बास ट्रॉम्बोनसाठी निओप्रिनचा मऊ म्यूट : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात फ्लॅटमध्ये राहून बास ट्रॉम्बोनचा, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या पितळी वाद्याचा, रोज रियाज करायचा तर म्यूटशिवाय (भोंग्याला लावून आवाज दाबणाऱ्या साधनाशिवाय) भागत नाही. हा म्यूट निओप्रिनचा आहे. पाणबुड्यांचे सूट ज्या रबरी कापडाचे असतात तेच हे कापड. तो भोंग्याच्या आत खुपसायचा नाही, टोपीसारखा काठावरून ताणून चढवायचा. मधे हवेसाठी भोक आहे. घडी करून केसच्या कप्प्यात सहज मावतो.

आधी आवाजाचं, कारण सगळे तेच विचारतात. आवाज बंद होत नाही, कमी होतो आणि त्याची धार जाते. कापड वरची कंपनं शोषतं, खालची बरीचशी निसटतात. पेडल (अगदी तळाचा सूर) बी-फ्लॅट साधारण 58 हर्ट्झचा, एवढी लांब लहर भिंतींनाही दाद देत नाही. संध्याकाळी सातला शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. रात्री दहानंतर मात्र मी कडक, बंद प्रॅक्टिस म्यूटच लावतो.

तरीही दिवसभराचा रियाज मऊ म्यूटवर करतो तो खालच्या सुरांसाठी. कडक म्यूट भोंगा जवळपास बंद करून टाकतो. हवा बारीक वाटेने जाते, उलटा दाब थेट ओठांवर येतो, खालचे सूर चढतात आणि ट्रिगर (नळी लांबवणारी कळ) दाबून घेतलेले डी नि सी हातात राहत नाहीत. ते सूर खाली ओढायची सवय ओठांना लागली, की म्यूट काढल्यावर तेच सूर उतरलेले लागतात. खालच्या पट्टीत काम करणाऱ्याचं यात खरं नुकसान आहे. मऊ म्यूटवर ट्यूनर अ‍ॅप लावून लाँग टोन (एकेक सूर लांबवर) धरले, तेव्हा नळी लांब सरकवून मिळणारे सहाव्या-सातव्या पोझिशनचे सूर जवळपास जागेवरच होते. पेडल किंचित चढतात, बस. दम पूर्ण सोडता येतो, आणि मला हेच हवं होतं.

वजन जवळजवळ नाहीच. ट्रॉम्बोनचा सगळा भार डाव्या हातावर असतो, त्यात भोंग्याच्या टोकाला जड म्यूट आला की मनगट भरून येतं. शिवाय हा घसरून पडत नाही, कॉर्कच्या म्यूटसाठी भोंग्यात वाफ फुंकून पकड आणावी लागते तसं काही करावं लागत नाही.

वाद्यवृंदाच्या स्वरलिपीत ‘कॉन सोर्दिनो’ (म्यूट लावून वाजवा) लिहिलं असेल तर हा चालणार नाही. तिथे भोंग्यात बसणाऱ्या कडक स्ट्रेट म्यूटचा तो चिरका, धातूचा रंगच लागतो. जॅझच्या बिग बँडच्या मांडणीत ‘बकेट’ (आवाज मऊ करणारा म्यूट) मागितलं असेल तर मात्र खुशाल लावा, रंग बराच जवळचा येतो. तसंही ट्रॉम्बोन आणि मऊ रबर यांचं नातं जुनं आहे : जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातले ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन 1920च्या दशकात प्लंजरचं (तुंबलेलं बेसिन मोकळं करायच्या वाटीचं) रबर भोंग्यासमोर धरून ट्रॉम्बोनला बोलायला लावत होते.

पावसाळ्यात काळजी घ्या. आतली बाजू श्वासाने ओलसर होते आणि तशीच केसमध्ये ठेवली तर कुबट वास धरते. साध्या पाण्याने धुवून पंख्याखाली उलटा वाळवावा, उन्हात नको.

लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम हे पितळी वाद्य वाजवणाऱ्या मित्रालाही आवडला, पण त्याला मोठं माप लागलं. बास ट्रॉम्बोनचा भोंगा साधारण साडेनऊ-दहा इंचांचा, युफोनियमचा अकरा-बारा. मागवण्याआधी टेप लावून मोजा.

शिवण अजून धड आहे. काठ थोडा सैलावलाय, जोरकस स्टॅकाटोला (तुटक सुरांना) तो सरकतो. बदलायची वेळ आली की हाच घेईन, फक्त एक माप लहान.