'अंकुर' (1974) : बोली आपली, पण लक्ष्मीची वस्ती कुठंय?

देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या माणसाला 'अंकुर' हा सिनेमा परका वाटायचा नाही. गोष्ट हैदराबादकडच्या खेड्यातली, पण 1948 पर्यंत तो मुलूख आणि आमचा नांदेड जिल्हा एकाच निजामाच्या राज्यात होते. शिंदीची झाडं तीच, पाटलाचा तोराही तोच. श्याम बेनेगलांच्या या पहिल्या चित्रपटात माणसं दखनीत, म्हणजे हैदराबाद-मराठवाड्याकडच्या उर्दू-हिंदी बोलीत, बोलतात. हिंदी सिनेमात ही बोली बहुतेक विनोदी नटाच्या तोंडी यायची. इथं जमीनदार तिच्यात हुकूम सोडतो आणि लक्ष्मी तिच्यातच तळतळाट देते. आमच्या गल्लीतलं बोलणं इतक्या मानानं पडद्यावर ऐकून मला फार बरं वाटलं.

शहरात शिकलेला सूर्या शेती बघायला गावी येतो आणि दलित लक्ष्मीला चहा करायला सांगतो. जातपात मानत नाही म्हणतो. माझ्या आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. तिची कपबशी मालकाच्या गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. त्यामुळे त्या चहापाशी मी थांबलेच. हा माणूस तिच्या हातचा चहा पितो, तिच्या हातचं जेवतो, तिला जवळ करतो, आणि तिला दिवस गेले की ते पोट त्याला नको असतं. विटाळ गेला, पण मालकी जागची हलली नाही. बेनेगलांनी हे भाषण न देता दाखवलंय.

लक्ष्मीचा नवरा किश्तय्या मुका-बहिरा कुंभार. साधू मेहेरनं त्याला बिचारा होऊ दिलं नाही. तो पितो, शिंदी चोरतो, डोकं भादरून गाढवावरून धिंड निघाल्यावर गाव सोडतो आणि कमाई घेऊन परत येतो. अपंग माणसाला दोष आणि अब्रू दोन्ही असतात, हे दाखवणारे सिनेमे मी फार कमी पाहिलेत. या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लक्ष्मी झालेल्या शबाना आझमीलाही मिळाला. दोन्ही रास्त.

माझी तक्रार वेगळी आहे. लक्ष्मी एवढी एकटी का? तिची मावशी, भावकी, शेजारीण कुठंय? आमच्याकडे बाईवर असं संकट आलं तर संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या बाया दारात जमतात. भांडतात, नावंही ठेवतात, पण येतात. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयातून शिकलेली पोरं तोवर लिहू लागली होती, दलित पँथर 1972 मध्येच उभी राहिली होती. सिनेमात मात्र सोसणारी लक्ष्मी दिसते, तिचा समाज दिसत नाही. शबानानं जीव ओतलाय, तरी तिच्या जागी वस्तीतलीच एखादी मुलगी असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शेवटी गावातलं एक पोरगं सूर्याच्या घराच्या काचेवर दगड मारतं, त्याचीच सगळे चर्चा करतात. मला गावातल्या राजम्मा नावाच्या दुसऱ्या एका बाईची पंचायत जास्त मोठी वाटते. नवरा मूल देऊ शकत नाही, हे ती भरल्या पुरुषांत बोलते आणि पंच तिला त्याच्याच घरी धाडतात. कॉलेजात किंवा महिला मंडळात हा सिनेमा दाखवलात तर ती पंचायत झाल्यावर थोडं थांबवा आणि आधी बायकांना बोलू द्या.